लॅपटॉप चालूच होईना झालाय, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. खरंच गेला असंल का?

दुधनाकाठ | रविवार, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी, सेलूहून लिहायलोय. धाकटी बहीण परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात एमएस्सी करायलीय, थिसिस द्यायला तीन आठवडे राहिलेत आणि तिचा लॅपटॉप गुरुवारपासून मेल्यासारखा पडून आहे. बटण दाबलं की काहीच नाही, लाईट नाही, पंख्याचा आवाज नाही, स्क्रीन काळीच्या काळी. बुधवारी रात्री ती घरीच होती, इकडं वारं-वावधान सुटलं, विजा लई कडाडत होत्या, लाईट दोनदा जाऊन आली आणि ती टाईप करता करताच लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. शुक्रवारी परभणीला एका दुकानात नेला, त्यांनी बटण दाबून बघितलं, त्यांचा चार्जर लावून बघितला आणि न उघडताच सांगितलं की मदरबोर्ड गेलाय, १६ हजार लागतील, नाहीतर नवीन घ्या. १६ हजार एवढ्यात निघणं अवघड आहे हो, सोयाबीनचे पैसे कधीच संपले. पण पैशापेक्षा जीव त्या डाटात अडकलाय. अख्ख्या खरिपाच्या नोंदी आहेत, ३० दिवसाला, ६० दिवसाला, काढणीला प्रत्येक प्लॉटमधल्या झाडांची उंची, शेंगा, दाण्याचं वजन. वह्या आहेत तिच्याकडं, पण फोटो आणि हिशोब सगळा लॅपटॉपात. तीन दिवसांपासून पोरगी नीट जेवली नाही. कुणाला यातलं कळत असंल तर सांगा, मी सांगाल ते करून बघतो.

गोदाथडी | रविवार, रात्री ९:३०
भाऊ पहिल्यांदा बहिणीला सांगा की डाटा मदरबोर्डात नसतो, तो एसएसडीत नाहीतर हार्डडिस्कमध्ये असतो. मदरबोर्ड जळून कोळसा झाला तरी डाटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो, काही थोड्या लॅपटॉपांत एसएसडी बोर्डावरच चिकटवलेली असते तेवढी सोडून. म्हणून तिला आधी जेवू घाला.
आता हे करा. चार्जर काढा, बाकीचं सगळं काढा, माऊस पेनड्राईव्ह काहीच ठेवू नका. बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मोबाईलवर मोजून ३०. मग सोडा, फक्त चार्जर लावा आणि एकदा साधं दाबा. आतमध्ये उरलेला करंट निघून जातो आणि कधीकधी अडकलेला लॅपटॉप यानंच सुटतो. माझा माजलगावला असताना दोनदा असाच चालू झालाय.

मांजराकाठची | रविवार, रात्री १०:०५
मी लातूरला कॉम्प्युटर शिकवते, लॅबमध्ये असले प्रकार रोजचे. दादा, "चालू होईना" हे नेमकं कुठलं ते आधी ठरवा, कारण तिन्हीचे उपाय वेगळे आहेत. एक म्हणजे लाईट लागते, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी. तेव्हा कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो का बघायचं, लागत असेल तर आत काम सुरू आहे, मग स्क्रीनवर तिरका टॉर्च मारायचा, पुसट अक्षरं दिसली तर फक्त बॅकलाईट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलेली असते. एचडीएमआयनं टीव्हीला जोडून बघितलं तरी कळतं. दुसरं म्हणजे चालू होऊन दोन सेकंदात बंद, किंवा दिवा ठराविक वेळा लुकलुकतो, बीप वाजतात. तेव्हा बहुतेकदा रॅम. रॅम काढून त्याच्या पिवळ्या पट्टीला शाळेतलं साधं खोडरबर हलक्या हातानं घासायचं, भुगा झटकायचा आणि परत टक्कन बसेपर्यंत दाबायची. उन्हाळ्यात आपल्याकडं जी बारीक धूळ बसते त्यानं हे लई होतं, आमच्या लॅबमध्ये दर जूनला निम्म्या मशीनला एवढंच लागतं. तिसरं म्हणजे तुमचं, अगदी मेल्यासारखं. त्यात रॅमचा दोष क्वचित, तिथं आधी करंट आत पोचतोय का तेच बघायचं. अडॅप्टरवर दिवा आहे का? तो लॅपटॉपला लावल्यावर काय होतो?

औश्याचा वायरमन | रविवार, रात्री १०:४०
वाऱ्या-वावधानात लाईट गेली म्हणता तर घरात तेव्हा बल्ब भकाभका मोठे झाले होते का, पंखा जोरात पळाला का? गावात वाऱ्यानं न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी घरात ३००, कधी ४०० च्या आसपास व्होल्टेज येतंय. अडॅप्टरवर लिहिलेलं असतंय बघा १०० ते २४०, त्याच्यावर गेलं की तो आतून फुटतो. फ्रिज, टीव्ही, मोबाईलचे चार्जर चांगले आहेत का तेही सांगा. आणि अडॅप्टर कुणी उघडून बघू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून धरणाऱ्या भागावर, ३२५ व्होल्ट डीसी असतंय, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतंय. मी बघितलाय त्याचा झटका.

दुधनाकाठ | सोमवार, सकाळी ७:५०
सगळ्यांचे आभार, रात्री बहिणीला गोदाथडींचा निरोप वाचून दाखवला तेव्हा कुठं ती दोन घास जेवली.
३० सेकंदवालं तीनदा केलं, काही नाही. टीव्ही फ्रिज सगळं चांगलंय, बल्ब मोठे झाले नव्हते. शेजारच्या वायरमनकडून मल्टिमीटर आणला, भिंतीवरच्या बोर्डात २२६ दाखवतंय. अडॅप्टरच्या पिनेत १९.४ आलं, त्याच्यावर १९.५ लिहिलंय म्हणजे ठीक असावं.
पण ताईंनी विचारलं म्हणून नीट बघितलं, अडॅप्टरवर हिरवा दिवा आहे तो लागलेला असतो, आणि पिन लॅपटॉपात घातली की दिवा विझतो. पिन काढली की लगेच येत नाही, बोर्डाचं बटण बंद करून पाच-दहा सेकंदांनी चालू केलं की परत लागतो. चार वेळा केलं, चारी वेळा तसंच. हे आम्ही चार दिवसांत बघितलंच नव्हतं.

बालाघाट | सोमवार, सकाळी ९:२०
मी अंबाजोगाईला चिप लेव्हलचं, म्हणजे मदरबोर्डावरचे बारीक पार्ट दुरुस्त करायचं काम करतो, १४ वर्षं झाली. भाऊ, आता पिन परत परत घालू नका.
दिवा विझतो याचा अर्थ अडॅप्टरला पुढं शॉर्ट दिसतोय, तो स्वतःला वाचवायला बंद होतोय. अडॅप्टर चांगला आहे. आपली चारी कशी असते बघा, कालव्याचं पाणी सुटलंय पण चारीच्या तोंडाशीच फुटलं तर रानात थेंब जात नाही, आणि माणूस रानात उभा राहून म्हणतो की जमीनच खराब आहे. दुकानदारानं रानाकडं बघून सांगितलंय.
मला दोन गोष्टी सांगा. बंद पडायच्या आधी बॅटरी किती टक्के होती? बहिणीला विचारा, आठवून नीट सांगू द्या. दुसरं, गेल्या महिन्याभरात लॅपटॉप पडला, आदळला, गाडीवर नेला?

पैनगंगा | सोमवार, सकाळी १०:०२
माझं मत, अडॅप्टर कमी वॅटचा असेल म्हणून बंद होत असेल. ६५ च्या जागी ९० वॅटचा लावून बघा. नाहीतर हेअर ड्रायरनं मदरबोर्ड गरम करतात ते यूट्यूबवर आहे, आमच्या हिंगोलीत एकाचा झाला होता चालू.

बालाघाट | सोमवार, सकाळी १०:१५
पैनगंगा, जास्त वॅटचा अडॅप्टर लावल्यानं तसं नुकसान नाही, व्होल्ट तेवढेच हवेत आणि पिन तीच हवी. पण पुढं शॉर्ट असताना दांडगा अडॅप्टर लावणं म्हणजे फुटलेल्या चारीत जास्त पाणी सोडणं. आणि हेअर ड्रायर कृपा करून कुणी करू नका. त्यानं चिपच्या खालचं सोल्डर धड वितळतही नाही, प्लास्टिकचे सॉकेट मात्र वाकतात आणि चालू झालाच तरी आठवड्यात परत बसतो. असे बोर्ड माझ्याकडं येतात तेव्हा वाचवता येत नाहीत, लई वाईट वाटतं.

दुधनाकाठ | सोमवार, दुपारी १:३०
बहिणीला विचारलं. ती म्हणते बंद पडायच्या आधी बॅटरी लो असं आलं होतं, पण चार्जर लावलेलाच होता म्हणून तिनं लक्ष दिलं नाही, वाटलं लाईट गेली असंल येईल परत. आणि गाडीचं म्हणाल तर त्याच दिवशी दुपारी परभणीहून मोटरसायकलवर आलो आम्ही, बॅग तिच्या पाठीवर, रस्त्याचं काम चालूय तिथं एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली होती. बॅगेत लॅपटॉपवर जाडजूड वह्या होत्या.

बालाघाट | सोमवार, दुपारी २:१०
हेच पाहिजे होतं. म्हणजे तो त्या रात्री अडॅप्टरवर चाललाच नव्हता, बॅटरीवर चालला होता, बॅटरी संपली आणि बंद पडला. विजेचा बहुतेक काही संबंध नाही. बॅटरी संपेपर्यंत बोर्ड चांगला चालत होता म्हणजे प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं जिवंत असायची शक्यता लई जास्त, दोष फक्त करंट आत यायच्या दारात आहे. चार्जरची पिन जाते तो जॅक, नाहीतर जॅकपासून पहिल्या मॉस्फेटपर्यंतची, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या पार्टपर्यंतची लाईन.
मागचं झाकण उघडता येईल का? येत असेल तर सगळ्यात आधी आतल्या बॅटरीचा सॉकेट काढा, त्याच्याशिवाय कशालाच हात लावू नका. हातातलं कडं घड्याळ काढून ठेवा, आधी लोखंडी खिडकीला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज जाईल. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथंच थांबा, दाबू नका, उचकटू नका. जॅकची वायर बोर्डावर सॉकेटमध्ये लावलेली असेल तर ती काढा आणि नुसत्या जॅकमध्ये पिन घालून दिवा बघा. दिवा विझला तर जॅक शॉर्ट, काही शेकड्यांत काम. दिवा टिकला तर दोष बोर्डावर.

मांजराकाठची | सोमवार, दुपारी २:४०
आणि उघडलाच आहे तर एसएसडी काढून डाटा आधी घ्या दादा, दुरुस्ती नंतर. लांबट च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, एकच स्क्रू असतो. ती एनव्हीएमई आहे की एम.२ साटा, हे एसएसडीचे दोन प्रकार, ते वरच्या स्टिकरवर बघून त्याप्रमाणं एन्क्लोजर, म्हणजे एसएसडी यूएसबीनं जोडायची डबी घ्या, दोन्ही चालणारी पण मिळतात. दुसऱ्या लॅपटॉपला यूएसबीनं लावलं की पेनड्राईव्हसारखं उघडतं.

दुधनाकाठ | मंगळवार, रात्री ८:४५
काल उघडला. आत इतकी धूळ होती की पंख्याच्या पात्यावर वाकळीसारखी चिकटलेली. जॅकची वायर वेगळी निघाली, नुसत्या जॅकवर दिवा टिकला, विझला नाही. म्हणजे बालाघाट म्हणतात तसं बोर्डावर.
आज जिंतूरहून मित्राकडनं एन्क्लोजर आणलं, एसएसडी लावली माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला, आणि नवीनच कटकट. फाईली दिसेनात, कुलूप दाखवतंय आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची ४८ आकड्यांची की मागतंय. बहिणीनं असं काही कधी लावलंच नाही म्हणते. तिला परत रडू यायलंय.

मांजराकाठची | मंगळवार, रात्री ९:००
अगं नाही, रडू नकोस. आजकाल विंडोज घेताना मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपांत ते कुलूप आपोआप लागतं, कुणी विचारत पण नाही. त्याची की त्याच अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाईलवर त्या अकाउंटला लॉगिन कर, डिव्हाइसच्या यादीत आपला लॅपटॉप निवड, तिथं बिटलॉकरची की असं दिसेल. कुलपाच्या खिडकीत की आयडी असतो त्याचे पहिले आठ अक्षरं आणि तिथले जुळव. आणि एक, ती डिस्क फॉरमॅट करू का असं काही विचारलं तर नाही म्हणायचं. त्या एका बटणानं सगळं जातं.

दुधनाकाठ | मंगळवार, रात्री १०:२०
अकाउंट सापडलं पण पासवर्ड आठवंना, आणि ओटीपी तिच्या जुन्या नंबरावर जायलाय. ते सिम दोन वर्षांपूर्वीच बंद झालंय. अकाउंट परत मिळवायचा फॉर्म भरलाय, काय होतं बघू.

बालाघाट | मंगळवार, रात्री १०:५५
फॉर्मची वाट बघत बसू नका. एक सरळ रस्ता आहे. कुलूप एसएसडीला आहे, पण तिच्याच लॅपटॉपात ती चालू झाली तर विंडोज बहुतेकदा की मागत नाही, नेहमीचा लॉगिनचा पिन टाकला की उघडतं. आणि तो लॅपटॉप आपल्या अंदाजानं बॅटरीवर चालतोय, फक्त बॅटरी रिकामी आहे आणि भरायचं दार बंद आहे. तिच्या वर्गात, हॉस्टेलवर कुणाकडं हाच मॉडेल आहे का? असेल तर त्याची भरलेली बॅटरी तासाभरासाठी मागा. बॅटरीवरचा पार्ट नंबर अक्षरन् अक्षर तोच पाहिजे, नुसती दिसायला सारखी चालणार नाही. एसएसडी जागेवर बसवा, बॅटरी लावा, अडॅप्टर लांब ठेवा, बटण दाबा. काही मॉडेल बॅटरी काढून लावली की अडॅप्टर दाखवल्याशिवाय जागे होत नाहीत, तुमचा तसा निघाला तर दुसरं बघू.
चालू झाला तर तीन कामं ह्याच क्रमानं. थिसिसचं फोल्डर आधी पेनड्राईव्हवर. मग सेटिंगमधून की काढून वहीत लिहून घ्या. मग उरलेले फोटो. ब्राईटनेस कमी ठेवा.

गोदाथडी | बुधवार, सकाळी ८:००
काय झालं भाऊ? चहाच्या आधी हाच धागा उघडला.

दुधनाकाठ | बुधवार, संध्याकाळी ६:३५
चालू झाला!! मंडळी चालू झाला!
हॉस्टेलवर तिच्याच बॅचच्या एका पोरीकडं हाच मॉडेल निघाला, दोघींनी एकाच वेळी घेतलेले. त्या लेकरानं एका शब्दात दिला, स्वतःचा अभ्यास सोडून बसली. खोलीत चौघीजणी, मी बाहेर व्हरांड्यात व्हिडिओ कॉलवर स्क्रू कोणता ते सांगायलो. बहिणीनं बटण दाबलं, तीन-चार सेकंद काहीच नाही, मला वाटलं संपलं, आणि मग कीबोर्डच्या खालून पंख्याचा भर्रर्र आवाज आला. पिन मागितला, आत गेली. ६४ टक्के होती बॅटरी, ३१ ला आणून सगळं काढलं, सोयाबीनचं फोल्डर तीन ठिकाणी ठेवलं. ४८ आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेत, दुसरा कागद घरी पत्र्याच्या पेटीत, आईच्या कागदपत्रांत. ज्या पोरीची बॅटरी होती तिचा लॅपटॉप परत जोडून चालू करून दिला, मगच निघालो.
बालाघाट, उद्या अंबाजोगाईला घेऊन येऊ का? १०० किलोमीटरच्या वर आहे पण मला दुसरीकडं द्यायचा नाही.

बालाघाट | बुधवार, संध्याकाळी ७:००
या. सकाळच्या पारी या, म्हणजे समोर बसून बघता येईल. गाडीवर आणताना वह्या वेगळ्या पिशवीत.

दुधनाकाठ | शुक्रवार, रात्री ९:३०
काल जाऊन आलो. जे बघितलं ते लिहून ठेवतो, पुढं कुणाच्या कामाला येईल.
त्यांनी बोर्ड बाहेर काढला, मीटर लावला, जॅकच्या लाईनवर आणि ग्राउंडमध्ये जवळजवळ शून्य ओहम, म्हणजे शॉर्ट. त्या लाईनवर पाच-सहा कपॅसिटर होते, सगळे तपकिरी, तिळापेक्षा थोडे मोठे, सगळे दिसायला सारखे. यातला कुठला ते डोळ्याला कळतच नाही. मग त्यांनी तेवढ्या भागावर ब्रशनं आयपीए लावलं, म्हणजे ते साफ करायचं अल्कोहोल, आणि पॉवर सप्लायवरून १ व्होल्ट सोडलं, फक्त १, बाकीच्या चिपला काही होऊ नये म्हणून. सगळा भाग ओला चकचकीत होता, आणि बघता बघता एकाच दाण्याभोवती कोरडं पडलं. बाकी सगळं ओलं आणि तेवढीच एक जागा पांढरी कोरडी. तो कपॅसिटर गरम झाला होता. मायक्रोस्कोपखाली दाखवला मला, आडवी केसासारखी चीर होती त्याला. म्हणाले बोर्ड वाकला की हे होतं, खड्डा, वरून वह्यांचं वजन, नाहीतर उघडा लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून एका हातानं उचलायची सवय. बहिणीला ती सवय आहेच. आता दोन्ही हातांनी उचलते.
तो काढला, मीटर लावला, शॉर्ट गेला. २५ व्होल्टचा तसाच दुसरा लावला. अडॅप्टर जोडला तर हिरवा दिवा लागलेलाच राहिला, आणि लॅपटॉपवर चार्जिंगचा नारंगी दिवा आला. पंखा साफ करून, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी नवीन पेस्ट लावून १२०० रुपये घेतले. परभणीच्या दुकानदाराला शिव्या द्याव्या वाटल्या होत्या, पण बालाघाट म्हणाले त्याच्याकडं हे सामान नसेल, त्यानं तसं सांगून दुसरीकडं पाठवायला पाहिजे होतं एवढंच. मला ते पटलं.

औश्याचा वायरमन | शुक्रवार, रात्री १०:१०
लई बरं वाटलं. जाता जाता एक काम करा, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का बहिणीला विचारा. येत असतील तर भिंतीवरच्या बोर्डाला अर्थिंग नसण्याची शक्यता आहे. खोलीतल्या तीन पिनच्या वरच्या मोठ्या भोकाची वायर बऱ्याच जुन्या घरात जोडलेलीच नसते.

दुधनाकाठ | शुक्रवार, रात्री १०:२५
येतात हो. आम्हाला वाटायचं लॅपटॉप असाच असतो. रविवारी वायरमनला बोलावतो आणि घराच्या मागं खड्डा काढून अर्थिंग करून घेतो.

सोयाबीनवाली | शनिवार, सकाळी ७:१५
मीच ती बहीण, दादानं अकाउंट काढून दिलं. बालाघाट काका, मांजराकाठच्या ताई, गोदाथडी काका, वायरमन काका, तुम्हा सगळ्यांना मनापासून नमस्कार. काल रात्री ६० दिवसांच्या नोंदींचा तक्ता पूर्ण झाला, आज काढणीचा घ्यायचाय. एक विचारायचं होतं, त्या मैत्रिणीच्या लॅपटॉपला पण चार्जर कधी कधी हलवावा लागतो तेव्हा दिवा येतो, तिचं पण तेच असेल का?

बालाघाट | शनिवार, सकाळी ७:४०
नाही बेटा, हलवल्यावर येतो म्हणजे जॅक ढिला झालाय नाहीतर अडॅप्टरची वायर पिनेच्या बुडाशी आतून तुटलीय. वायर बुडाशी धरून हळू वाकवून बघायला सांग, दिवा त्यानं मिचकावला तर फक्त अडॅप्टर बदला. वायर न हलवता पिन जॅकमध्येच सैल हलते असं वाटलं तर जॅक. पण ढिल्या जॅकमध्ये ठिणग्या पडून बोर्ड खराब होतो, तिला म्हणावं थिसिस होईपर्यंत थांबू नको, ह्याच आठवड्यात दाखव.